धाकटा, थोरला आणि तिसराच

थंडीत ओहोटी लागली की आक्षीच्या पुळणीवर वाळूच धावू लागते. ओल्या वाळूच्याच रंगाचा एक पक्षी तुरुतुरु पळतो, गपकन थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा पळत सुटतो. हा चिखल्या. नीट पाहिलं तर घोळक्यात दोन तऱ्हा दिसतात. धाकटा वाळू-चिखल्या आणि थोरला वाळू-चिखल्या. पक्षीनिरीक्षक सर्रास लेसर आणि ग्रेटर सँड प्लोव्हर म्हणतात, आणि त्यांच्यावरून हमखास वाद घालतात.

थोरला २२ ते २५ सेंटिमीटर, धाकटा २०च्या आसपास. पण एकटाच समोर असला तर आकडे घेऊन काय करायचं? चोच पाहावी. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मनाशी धरा. धाकट्याची चोच तेवढीच किंवा आखूड, टोकाला बोथट. थोरल्याची त्याहून लांब आणि दणकट. छोटे खेकडे खायचे तर हत्यारही तसंच हवं. त्याचे पायही लांब, फिकट हिरवट. उडताना शेपटीबाहेर डोकावतात.

थोरला विणीला तुर्कस्तानापासून मंगोलियापर्यंतच्या रुक्ष माळांवर जातो. धाकटा? हा मूठभर जीव हिमालय ओलांडून लडाख-तिबेटच्या पठारावर, ४,००० मीटरहून उंच जागी अंडी घालतो.

खरी गंमत पुढेच आहे. याच धाकट्याचे हुबेहूब भाईबंद सायबेरियाच्या पूर्व टोकाला, कामचाटकाकडे वीण करतात आणि थंडीत ऑस्ट्रेलियापर्यंत उतरतात. कित्येक दशकं दोघांना एकच जात मानलं जाई. २०२२ साली जनुकं तपासली, तेव्हा नातं भलतंच निघालं: आपला तिबेटी धाकटा त्या सायबेरियन जुळ्यापेक्षा थोरल्याच्या जवळचा! आता तिबेटी आणि सायबेरियन अशा दोन वेगळ्या जाती मानतात.

हिवाळ्यात हे दोघे धाकटे ओळखणं जवळपास अशक्यच. विणीच्या पिसाऱ्यात मात्र दोघांची छाती विटकरी होते आणि फरक उघडा पडतो. सायबेरियन नराच्या कपाळावर पांढरे ठिपके, गळ्याखाली बारीक काळी रेघ. तिबेटी नराचं कपाळ काळं. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'अ‍ॅट्रिफ्रॉन्स'चा अर्थच काळ्या कपाळाचा.

तेव्हा आक्षीला जायचं तर एप्रिलमध्ये जा. परतीला निघण्यापूर्वी काहींनी रंग चढवलेला असतो. दुर्बीण कपाळावर धरा.