वाळू सरण्याआधी लाल मणी

डी.एड.ला असताना हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, आम्ही तोंडपाठ केली होती. पाठ टाचणाच्या वहीत डावीकडे शिक्षककृती, उजवीकडे विद्यार्थिकृती असे रकाने असत. उजवा रकानाही मीच भरायचो. उद्या मुले काय उत्तर देतील हे आदल्या रात्रीच ठरलेले. पुढे नोकरी गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात लागली आणि त्या रकान्यातली मुले काही वर्गात आलीच नाहीत. जी आली ती पाण्याला ‘एर’ म्हणत. प्रस्तावनेच्या पहिल्याच प्रश्नाला त्यांनी मान खाली घातली. टाचणात ‘मुले गप्प बसतात’ असे लिहायला जागा नव्हती.

त्याला आता तीन दशके होत आली. शिकण्याचे सिद्धांत मी नंतर पुन्हा वाचले, काही कळले, काही नुसतेच पाठ झाले. पण चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत शिकवण्याची चांगली रचना कुठे पाहिलीस असे कुणी विचारले, तर मी शाळेकडे बोट दाखवणार नाही. दाईच्या हातातल्या मण्यांकडे दाखवीन.

आधी शाळेचे. 26 ऑगस्ट 1982 पर्यंत हा सगळा मुलूख चंद्रपूर जिल्हाच होता. त्याच्या टोकाला, भामरागडजवळ हेमलकशाला, बाबा आमट्यांनी डिसेंबर 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि 1976 साली तिथे आश्रमशाळा निघाली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना दवाखाना चालवण्यासाठी तिथल्या आदिवासींची माडिया भाषा शिकावी लागली. पोट दुखते की छाती, हे रोग्याच्या भाषेतच विचारावे लागते. शाळेत ही निकड कुणाला इतक्या लवकर भासत नाही. डॉक्टरची चूक लगेच दिसते; मास्तरची चूक वार्षिक परीक्षेपर्यंत दडून राहते आणि तेव्हा ती मुलाच्या नावावर चढते.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असे घटनेच्या 350-क कलमाने 1956 पासून राज्यांना सांगितले आहे. माझ्या वर्गात पुस्तक मात्र मराठीच होते. आणि मराठी मुलांचे तरी काय? झाडीपट्टीतले पोर ‘पानी’ म्हणते, ‘डोरा’ म्हणते. मी पहिली दोन वर्षे त्यांचे ‘ण’ आणि ‘ळ’ सुधारण्यात घालवली. त्या दोन वर्षांत ती मुले माझ्याशी फारसे बोललीच नाहीत, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

आता ते मणी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. लहान मुलांच्या मृत्यूंचे एक मोठे कारण न्यूमोनिया आहे हे त्यांना दिसले. ओळखायची खूण अवघड नव्हती. दोन महिन्यांच्या आतले बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त वेळा, त्याहून मोठे मूल पन्नास किंवा जास्त वेळा श्वास घेऊ लागले, की संशय घ्यायचा. औषधही होते. अडचण वेगळीच होती. गावात बाळाजवळ वेळेवर पोचणारी बाई म्हणजे दाई, आणि निरक्षर दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते.

इथे माझ्यासारख्या मास्तरने काय केले असते? साक्षरतेचा वर्ग काढला असता. आधी अंकओळख, मग एकक-दशक, मग घड्याळ, आणि शेवटी, जमलेच तर, श्वास. तोवर किती हिवाळे गेले असते कोण जाणे. सर्चने बाई बदलण्याऐवजी काम बदलले. मिनिटासाठी वाळूचे घड्याळ दिले. श्वासांसाठी मणी ओवलेले एक साधन केले; लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. दहापर्यंत मोजता येते ना? मग दहाच मोजायचे. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून. वाळू सरण्याआधी ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो. डी.एड.च्या पुस्तकात डेव्हिड ऑसुबेलचे नाव होते. शिकणाऱ्याला आधीपासून काय येते ते हुडका आणि तिथून सुरुवात करा, हे त्यांचे 1968 मधले सांगणे मी परीक्षेत पाच गुणांसाठी लिहिले होते. या साधनात ते लाकूड-मण्यांत उतरले होते. दाईला काय येत नाही याची यादी लांबलचक होती. तिला दहापर्यंत मोजता येते आणि बाळाच्या छातीवरून तिची नजर हलत नाही, एवढ्या दोनच गोष्टी घेऊन ते बेतले होते. न्यूमोनियाच्या त्या कामाचा अहवाल 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. जिथे हे काम झाले त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होते. श्रेय एकट्या मण्यांचे नाही. औषध होते, प्रशिक्षण होते, देखरेख होती.

सर्चचा पुढचा धडा 39 गावांत झाला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवायचे होते. 1995 मध्ये सुरुवात झाली ती उपचारांनी नव्हे. आधी घरी जायचे, बाळ पाहायचे, वजन करायचे, लिहून ठेवायचे. जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्याचे काम त्यांच्या हाती त्यानंतर आले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला होता. 1976 मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या तिघांनी शिकणाऱ्याला दिलेल्या अशा तात्पुरत्या आधाराला परांचीची उपमा दिली. इमारत उभी राहीपर्यंत परांची, मग उतरवायची. 2011 पासून हे काम देशभरातल्या आशाताई करतात. त्यांच्या किटमध्ये डिजिटल घड्याळ असते. मण्यांची गरज त्यांना पडत नाही.

डॉ. अभय बंग सेवाग्रामच्या, गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत शिकले. ‘माझी जादूची शाळा’ या लेखात त्यांनी त्याविषयी लिहिले आहे. मण्यांचे मूळ तिथे असावे असा माझा अंदाज, पुरावा नाही.

शाळेबाहेरच्या शिकण्याचे आणखी एक उदाहरण याच मुलखातले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाबद्दल लोक 2009 च्या सामूहिक वनहक्काचे आणि 2011 च्या बांबूच्या वाहतूक परवान्याचे बोलतात. मला तिथला अभ्यास गट जास्त मोलाचा वाटतो. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी एकत्र बसून कायदा वाचत. प्रश्न गावाचा, बाहेरचा माणूस मदतीला, निर्णय सर्वांच्या सहमतीने. शिक्षण परिषदेत आम्हाला ‘गटकार्य’ शिकवतात, तेव्हा हटकून मेंढा आठवते.

आता पुन्हा शाळेकडे. 2015. 22 जूनचा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला, साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांचे नाव गाजले, मास्तरांच्या गाड्या भरभरून तिकडे गेल्या. ज्ञानरचनावाद! मुलाने ज्ञान स्वतः घडवायचे. फरशा रंगल्या, व्हरांडे बोलके झाले. त्यात खरा उत्साह होता, नाही म्हणणार नाही. कित्येक वर्गांत मुले पहिल्यांदा खाली गोल करून बसली. पण एका शाळेत मुलांनी मोजायच्या शंभर मण्यांच्या माळा कपाटात कुलूपबंद पाहिल्या. ‘हरवतात ना सर,’ गुरुजी म्हणाले. पूर्वी हर्बार्ट वहीत होता, आता रचनावाद फरशीवर.

माझ्याच वर्गाचे सांगतो. चौथीतली एक मुलगी 70 गुणिले 5 ला पाटीकडे बघत राहायची. मे महिन्यात हीच पोर आईबरोबर तेंदूपानांच्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, असते, आणि आपल्याकडे पुडा सत्तर पानांचा. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर फुटकळ विक्री करणाऱ्या मुलांवर 1985 मध्ये एक अभ्यास छापून आला होता. 35 चा एक, असे दहा नारळ मागितले, तर एका मुलाने तिनाचे 105, आणखी तिनाचे 210, मग 315, आणि एक 35, असे करत बरोबर 350 सांगितले. अशाच तऱ्हेची गणिते कागदावर आली, की ही मुले अडखळत. ते वाचल्यावर मी तिला विचारले, पाच पुड्यांत पाने किती?

‘दोनचे एकशेचाळीस,’ ती बोटे दुमडत म्हणाली, ‘चारचे दोनशे ऐंशी. आन एक पुडा.’ थांबली. ‘साडेतीनशे.’

त्या दिवशी टाचणाचा उजवा रकाना मी शाळा सुटल्यावर भरला.