जुना गिअरबॉक्स, पण सौदा खरा हवा

आमची माकणी तेरणाकाठी, लोहारा तालुक्यात. निम्न तेरणा धरण इथलंच. धरणाच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसाबरोबर ट्रकही. आज आमच्या कितीतरी घरांची चूल एका ट्रकवर चालते. हप्ता, डिझेल, टायर, मुलांची फी, सारं त्यातूनच. असा ट्रक ऐन गाळप हंगामात गिअरबॉक्स जाऊन उभा राहिला, की घरात पहिला प्रश्न निघतो तो दागिन्यांचा.

आमच्या नात्यातल्या एका भाईंवर हीच वेळ आली. नवा गिअरबॉक्स परवडणारा नव्हता, म्हणून जुना घ्यायचं ठरलं. त्या खटाटोपात आम्ही मेकॅनिक मंडळींकडून जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहीत आहोत.

आधी दोष नक्की करा

प्रत्येक आवाज गिअरबॉक्सचा नसतो. क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडत नसेल, तर आधी क्लच तपासावा. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तेव्हा संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर बहुधा रिलीज बेअरिंग. लोडवर गिअर आपोआप सटकतो किंवा तेलात दातांचे तुकडे निघतात, तेव्हा मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागतो. नुसतं बेअरिंग किंवा सिंक्रोनायझर रिंग गेली असेल, तर दुरुस्ती स्वस्त पडते. शाफ्ट, दाते आणि हाऊसिंग तिन्ही गेले, तरच बदलीचा विचार करावा.

घेताना काय पाहावं

सुटे भाग म्हटलं की ट्रकवाल्यांच्या तोंडी मुंबईच्या कुर्ल्याचं नाव येतं. पण बाजार कुठलाही असो, मॉडेलचं नाव जुळलं एवढ्यावर पैसे मोजू नयेत. गिअर किती, इनपुट शाफ्टवरच्या स्प्लाइन किती, बेल हाऊसिंगची भोकं जुळतात का, मागचा फ्लँज तोच आहे का, हे आपला जुना गिअरबॉक्स शेजारी ठेवून मोजावं. लांबीत फरक पडला तर प्रोपेलर शाफ्टचं काम वाढतं.

वरचं कव्हर उघडायला लावा. एकेक गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवा. दात तुटलेत का, शाफ्ट हलतो का, हाऊसिंगला तडा किंवा वेल्डिंग आहे का, हे बघा. पहिल्या दुकानदाराने भाईंना कव्हर उघडू दिलं नाही. “माल चांगला आहे, भरोसा ठेवा,” एवढंच तो म्हणत राहिला. भाभी सोबत होत्या. त्यांनी विचारलं, “चांगला आहे, तर दाखवायला काय हरकत?” उत्तर मिळालं नाही आणि दोघे उठून आले. दुसऱ्या दुकानात कव्हर निघालं. तिसऱ्या गिअरचा एक दात उडालेला होता. त्या दुकानदाराने स्वतःच तो नग बाजूला ठेवला आणि दुसरा उघडून दाखवला. भाईंनी तोच घेतला.

शरीअत आणि कायदा

मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतलं धान्य ओलं निघालं. ओलं धान्य गिऱ्हाइकाला दिसेल असं वर का ठेवलं नाही, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं आणि फसवणुकीबद्दल कडक शब्दांत समज दिली. जुन्या मालालाही हाच न्याय. माल जुना असणं हा दोष नाही, दोष लपवणं हा गुन्हा आहे.

फिकहमध्ये यासाठी दोन हक्क आहेत. लपलेला दोष नंतर उघड झाला, तर माल परत करता येतो, तो ‘खियार-ए-ऐब’. मात्र दोष माहीत असून घेतला, तर हा हक्क राहत नाही. दुसरा ‘खियार-ए-शर्त’. ठरलेल्या मुदतीत सौदा मोडण्याची अट आधीच घालता येते. इमाम अबू हनीफा यांच्या मते ही मुदत जास्तीत जास्त तीन दिवसांची. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत. रोखीच्या सौद्यातही पक्कं बिल, गिअरबॉक्सवरचा नंबर आणि परतीची अट कागदावर घ्यावी.

या बिलाचं आणखी एक कारण आहे. आरसी पुस्तकात चेसिस आणि इंजिनचे नंबर असतात, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे चोरीच्या गाडीचा भाग सहज खपतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा कायद्याने गुन्हा आहे आणि अशा मालावरची कमाई हलालही नाही.

बसवताना

गिअरबॉक्स उघडलाच आहे, तर ऑइल सील आणि गॅस्केट नवीन टाकावेत. क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंगही तपासावं. तिथे वाचवलेले पैसे पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्यात जातात. चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नये, क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. बोल्ट पूर्ण बसेपर्यंत जॅकचा आधार ठेवावा. तेल कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच भरावं. आधी रिकामी गाडी सगळ्या गिअरमध्ये चालवावी, मग लोड घ्यावा. परतीची मुदत संपण्याआधीच हे उरकावं. पहिल्या काही फेऱ्यांनंतर तेल काढून पाहावं. चुंबकाच्या प्लगवर बारीक करडा थर असेल तर घाबरू नये. धातूचे कण टोचू लागले, तर गाडी थांबवावी.

भाईंचा ट्रक पुन्हा उसाच्या फेऱ्या करतो आहे आणि भाभींच्या बांगड्या हातातच आहेत. बिल घरच्या पेटीत, आरसीच्या झेरॉक्सशेजारी ठेवलं आहे. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो.