तिमिओस : मोल आणि मान

बायबलमधील ‘नव्या करारा’च्या मूळ ग्रीक संहितेत मौल्यवान या अर्थी येणारे ‘तिमिओस’ हे विशेषण ‘तिमे’ या नामापासून बनले असून, त्या नामात किंमत आणि सन्मान हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. म्हणूनच ते रत्नांना लागते, प्रेषितांच्या कृत्यांत लोकमान्य धर्मशास्त्री गमलीएल याला लागते आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात विवाहालाही लागते. याकोबाच्या पत्रात तर पहिल्या आणि शेवटच्या पावसाची धीराने वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे पीक ‘तिमिओस’ ठरते.

पेत्राच्या पहिल्या पत्रात या शब्दकुळाला सर्वाधिक खोली लाभते. तेथे मुक्तीचे मोल नाशवंत सोन्या-रुप्याने नव्हे, तर ख्रिस्ताच्या ‘तिमिओस’ रक्ताने चुकते झाल्याचे म्हटले आहे आणि बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड देवापुढे ‘एन्तिमोस’, म्हणजे मोलाचा व मानाचा, ठरला आहे. याउलट मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताला धरून देणाऱ्या यहूदाने परत टाकलेल्या 30 रौप्यनाण्यांसाठी हेच ‘तिमे’ केवळ किंमत या अर्थी येते, हा विरोध विलक्षण बोलका आहे.

हे बारकावे मराठीत आणण्याचे कष्ट पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी घेतले. हिब्रू व ग्रीक मुळांवरून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत त्यांनी केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये, प्रसिद्ध झाले.