सुटीतील उमेदवारी

सुतार किंवा शिंपी आपला धंदा कसा शिकतो? तो आधी एखाद्या उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करतो. संशोधकही असाच घडतो. उन्हाळ्याच्या सुटीत महाविद्यालयातील काही विद्यार्थी प्रयोगशाळेत जातात आणि अनुभवी शास्त्रज्ञांच्या हाताखाली काही आठवडे काम करतात. या उमेदवारीला ‘इंटर्नशिप’ म्हणतात.

देशाच्या संरक्षणासाठी संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांतही अशी संधी मिळते. आपल्या देशात १९५८ साली संरक्षण संशोधन व विकास संघटना स्थापन झाली. तिलाच ‘डीआरडीओ’ म्हणतात. डॉ. अब्दुल कलाम यांनी याच संघटनेत क्षेपणास्त्रांच्या कामाचे नेतृत्व केले. १९८६ साली संघटनेने बंगळूर येथे कृत्रिम बुद्धिमत्ता व यंत्रमानव यांच्या अभ्यासासाठी केंद्र सुरू केले. पुढे २०२० साली तरुण शास्त्रज्ञांसाठी पाच प्रयोगशाळा निघाल्या. तेथे संचालकासह सर्व शास्त्रज्ञ पस्तीस वर्षांच्या आतील असावेत, असे ठरले. त्यांतील एक प्रयोगशाळा कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय? लहान मूल पुष्कळ आंबे पाहून आंबा ओळखू लागते. संगणकालाही हजारो छायाचित्रे दाखवतात. ‘ही होडी आहे’, ‘ही नुसती लाट आहे’, असे प्रत्येक चित्राबरोबर सांगतात. मग नवे चित्र पाहून तो अंदाज करू लागतो. समुद्रावर पहारा ठेवताना अशा अंदाजाचा उपयोग होतो.

नव्या उमेदवाराच्या हाती देशाची गुपिते देत नाहीत. तो छायाचित्रांची वर्गवारी करतो, संगणकाची परीक्षा घेतो आणि त्याच्या चुका मोजतो. परीक्षेत संगणकाने पूर्वी न पाहिलेली चित्रेच द्यावी लागतात. नाही तर ती नुसती घोकंपट्टी ठरेल! सगळी चित्रे लख्ख उन्हातील असतील, तर धुक्यातील होडी संगणकाला ओळखता येईलच असे नाही. अशी उणीव शोधणे हेच खरे संशोधन.

ही चूक किती महाग पडू शकते, ते पाहा. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत संघाच्या यंत्रणेने इशारा दिला, की अमेरिकेने पाच क्षेपणास्त्रे सोडली आहेत. स्तानिस्लाव पेत्रोव हे अधिकारी तेव्हा कामावर होते. त्यांनी विचार केला, ‘खरा हल्ला केवळ पाच क्षेपणास्त्रांनी कोण करील?’ इशारा खोटा आहे, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. ते खरे ठरले. ढगांवर चमकलेले ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्रासारखे दिसले होते. ती यंत्रणा आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेची नव्हती. पण धडा तोच आहे. यंत्र अंदाज सांगते, निर्णयाची जबाबदारी मात्र माणसाची असते.

मित्रांनो, या क्षेत्रात जायचे असेल तर आजपासून गणिताचा पाया पक्का करा. आणि कोणी काही सांगितले, मग ते यंत्र का असेना, ‘कशावरून?’ असे विचारण्याची सवय लावून घ्या.

शब्दार्थ
उमेदवारी – काम शिकण्यासाठी केलेली नोकरी
कृत्रिम – माणसाने तयार केलेले
उणीव – कमतरता
घोकंपट्टी – न समजता केलेले पाठांतर

स्वाध्याय
१. संगणक होडी ओळखायला कसा शिकतो?
२. पेत्रोव यांना इशारा खोटा का वाटला?
३. ‘निर्णयाची जबाबदारी माणसाची असते’, यावर पाच वाक्ये लिहा.