लेकरू, लाट आणि कॅमेरा

कोकणात समुद्रावर जाऊन आलेल्या कुटुंबाकडे एक फोटो हमखास असतो. मागे मावळता सूर्य, लालभडक आभाळ आणि पुढे एक काळी आकृती. हा आमचा मुलगा, असे पाहुण्यांना सांगावे लागते.

दोष कॅमेऱ्याचा नाही. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी सूर्य मुलाच्या पाठीमागे पाण्यावर असतो. कॅमेरा त्या उजेडावरून हिशेब करतो आणि चेहरा काळवंडतो. तशी आकृतीच हवी असेल तर गोष्ट वेगळी. पण मूल मूल म्हणून दिसायला हवे असेल तर सकाळी जावे. तेव्हा सूर्य जमिनीकडून वर येतो, फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी राहतो आणि समुद्र मागे ठेवून उभ्या मुलाच्या तोंडावर उजेड पडतो. गुहागरसारख्या किनाऱ्यावर वाळूला लागूनच माड आणि सुरू आहेत. तिथे ऊन चढेपर्यंत वरच्या वाळूवर सावली असते. त्या सावलीत मुले डोळे बारीक करत नाहीत, हा मोठाच फायदा.

दुसरी अडचण वाळूची. कॅमेऱ्याला सगळे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरायची सवय. समोर चमकती वाळू आणि फेस आला, की तो सगळेच चित्र अंधारे करतो. बहुतेक मोबाईलमध्ये चेहऱ्यावर बोट टेकवले की शेजारी सूर्याचे छोटे चिन्ह येते. ते थोडे वर सरकवा, एवढे पुरे.

आता उंचीचे. क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. आपण उभ्याने फोटो काढतो, म्हणून मूल वाळूला चिकटल्यासारखे दिसते. डोके मोठे, पाय आखूड. उकिडवे बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरला, तर तीच रेघ एका कानातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते! सरळ वाळूत बसावे आणि कॅमेरा मुलाच्या कमरेइतका खाली आणावा. मग डोके आणि खांदे मोकळ्या आभाळात येतात. कपडे भरतात, त्याला इलाज नाही.

वेळ ठरवताना घड्याळाबरोबर कालनिर्णयही पाहावे. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, आणि साधारण सहा तासांनी, दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, तास-अर्धा तास इकडेतिकडे धरावा. पण चतुर्थी-पंचमीला सकाळी सात ते नऊ पाणी उतरत असते आणि मागे आरशासारखी ओली वाळू सोडत जाते. त्यात मुलाचे प्रतिबिंब पडते. याउलट पौर्णिमा-अमावास्येला सकाळी पाणी चढत असते आणि उधाणामुळे झपाट्याने चढते. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येते, तीच वाट भरतीत पाण्याखाली जाते. उतरणारे पाणीही भोळे नसते, ते आत ओढते. म्हणून मूल ओल्या वाळूवर असावे, पाण्यात नव्हे.

आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मोबाईलची नेहमीची लेन्स बरीच रुंद दृश्य घेते. त्यामुळे मागची प्रत्येक वस्तू पडद्यावर असते त्यापेक्षा लहान आणि लांब दिसते. लाटसुद्धा. आई किंवा बाबा मुलाकडेच पाहत असतात हे खरे, पण ते पाहतात पडद्यावरचे मूल आणि पडद्यावरची, दूर वाटणारी लाट. शिवाय तेव्हा मुलाची पाठ समुद्राकडे असते, कारण आपणच त्याला ‘इकडे बघ’ म्हणून ओरडत असतो. फोटो काढणाऱ्याने स्वतःला राखणदार समजूच नये. मुलापासून हातभर अंतरावर, समुद्राच्या बाजूला, हातात मोबाईल नसलेले एक मोठे माणूस हवे. मी आणि मुलगी दोघेच गेलो, तर कॅमेरा पिशवीतून निघत नाही.

आमच्याकडे ती जागा आजोबांची. त्यामुळे मुलीच्या बऱ्याच फोटोंत एका कडेला गुडघ्यापर्यंत दुमडलेला लेंगा आणि पुढे केलेला हात येतो. तो मी कापत नाही.