पाण्याखालचा श्वास आणि बादलीभर गोडं पाणी

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण म्हटलं होतं की नियम पाळणं वेगळं आणि नियमाचं कारण कळणं वेगळं. त्यावर एका श्रोत्यानं उदाहरण मागितलं. साधंसुधं नको, ज्यावर कुणाचा तरी जीव अवलंबून आहे असं द्या, म्हणाले. म्हणून आज आम्ही स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर घेतला आहे. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला जाऊन आलेल्यांपैकी काहींनी तो तोंडात धरलाही असेल.

आता गंमत बघा. तो तोंडात धरणारा पर्यटक वर येतो, फोटो बघतो आणि निघून जातो. रेग्युलेटर धुतो दुसराच कुणीतरी. आणि त्यानं तो कसा धुतला याचं फळ मिळतं तिसऱ्याला, उद्या सकाळी पाण्यात उतरणाऱ्याला. धुणारा आणि श्वास घेणारा यांची गाठही पडत नाही. आमच्या दृष्टीनं या विषयातली खरी अडचण इथे आहे. बाकी सगळं बादलीभर पाण्याचं काम आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. रेग्युलेटर म्हटलं की आपल्याला स्वयंपाकघरातला गॅस आठवतो, आणि ते चुकीचं नाही. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो यांच्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्यानं जी झडप जुळवली, ती मुळात मोटारी गॅसवर चालवण्यासाठी केलेली होती. युद्धाचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं. तीच झडप पाण्याखाली गेली आणि माणूस नळीनं बोटीला न बांधता खाली फिरू लागला.

टाकीत हवा असते साधारण २०० बार दाबानं. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज करा. टाकीच्या तोंडावर बसणारा भाग म्हणजे फर्स्ट स्टेज. ती हा दाब उतरवून भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त इतक्यावर आणते. तिथून नळीनं हवा सेकंड स्टेजकडे जाते. म्हणजे आपण तोंडात धरतो तो डबीसारखा भाग. त्या डबीत एक रबरी पडदा असतो. आपण श्वास ओढला की पडदा आत येतो, एक छोटी तरफ दाबतो, झडप उघडते, हवा मिळते. ओढणं थांबलं की झडप बंद. डबीच्या तोंडावर एक बटण असतं, पर्ज बटण. ते दाबलं की तोच पडदा बाहेरून दाबला जातो आणि हवा फुर्रकन बाहेर येते. हे बटण लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी ओलं असतं तोवर हे क्षार फारसे त्रास देत नाहीत. वाळलं की त्यांचे खडे होतात. खड्यांना धार असते, आणि ते बसतात नेमके जिथे दोन भाग एकमेकांवर सरकतात तिथे. रबरी ओ-रिंगवर ते कानशीसारखे चालतात. दुसरं म्हणजे मीठ हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात मिठाची बरणी पाणी सोडते ना, तसं. त्यामुळे वाळल्यासारखी दिसणारी वस्तू आतून ओलसरच राहते. आणि रेग्युलेटर बहुतेक पितळेचा, वरून क्रोमचा मुलामा. मुलाम्याला चीर गेली की खाली पितळ कळकतं, हिरवी पूड धरते. आजीच्या घरी कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवू नये म्हणायचे, ते याच जातीचं.

म्हणून पहिला नियम: वाळू देऊ नका. बोटीवर धुता येत नसेल तर किनाऱ्याला येईपर्यंत ओल्या फडक्यात ठेवा. कोमट पाणी असेल तर उत्तम. गंमत म्हणजे गरम पाण्यात मीठ फार जास्त विरघळतं असं नाही, पण लवकर विरघळतं. पाणी हाताला सोसेल इतकंच कोमट हवं. आणि गोडं म्हणजे खरंच गोडं. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचं पाणी मचूळ असतं. त्यानं धुऊन खडे कमी होतील, जाणार नाहीत. पिंपातलं पाणी दिवसभर बदललं नाही तर तेही संध्याकाळपर्यंत मचूळच होतं, शिवाय त्यात सगळ्यांची थुंकी. शेवटची खळखळ वाहत्या पाण्याखाली हवी ती यासाठी.

आता मुख्य मुद्दा. धुण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे रेग्युलेटर टाकीला जोडलेला आहे आणि टाकी उघडी आहे तेव्हा. आत दाब असतो, म्हणून पाणी आत शिरू शकत नाही. तेव्हा खुशाल पर्ज बटण दाबा, बाहेरच हवा येईल. पण टाकीवरून काढल्यावर नळीत दाब उरत नाही. अशा वेळी डबी पिंपात बुडवून कुणी बटण दाबलं, की झडप उघडते आणि खारवलेलं पाणी नळीतून सरळ फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. तिथून ते बाहेर येत नाही. तिथे वाळतं, तिथेच खडे होतात.

हे करतो कोण? आळशी माणूस करत नाही. मनापासून, घासूनपुसून धुणारा करतो. बटण दिसतं, दाबावंसं वाटतं, आतून स्वच्छ होईल असं वाटतं. नुसतं 'बटण दाबू नको' असं सांगितलेला मुलगा टाकी जोडलेली असतानाही दाबणार नाही, आणि मालकाचं लक्ष नसेल तर एखाद वेळी सुटा असतानाही दाबेल. 'आत दाब नसेल तर बटण म्हणजे उघडं दार' हे ज्याला कळलं, त्याला देखरेख लागत नाही. कारण कळण्याचा व्यवहारातला उपयोग तो एवढाच, पण तो मोठा आहे.

दुसरी अशीच एक सवय. फर्स्ट स्टेजच्या तोंडावर एक टोपण बसतं, डस्ट कॅप. ते ओलं असतं, म्हणून पुष्कळ जण टाकीचा वॉल्व्ह किंचित उघडून हवेच्या झोतानं ते वाळवतात. मोठा आवाज होतो, काम झाल्यासारखं वाटतं. पण तो झोत टोपणावरचे थेंब उडवतो ते कधी कधी शेजारच्या उघड्या तोंडातच. कोरड्या फडक्यानं पुसा, टोपण घट्ट लावा, मगच पाण्यात बुडवा. 'आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो, काही झालं नाही' असं उत्तर येतं. हा काकतालीय न्याय: कावळा बसला, ताडफळ पडलं. इथे कावळा बसला आणि फळ पडलं नाही, एवढाच फरक.

मग डबी पाण्यात हलवून माउथपीसमधून पाणी आत-बाहेर जाऊ द्यावं. श्वास सोडण्याच्या बाजूला पातळ रबरी झडप असते, तिच्याखाली वाळूचा एक कण अडकला तरी प्रत्येक श्वासाबरोबर खारट घोट येतो. काही फर्स्ट स्टेजना भोक पाडलेली असतात, आत स्प्रिंग दिसते. तिथून पाण्याची धार जाऊ द्या. नळ्यांच्या टोकांवरची रबरी आवरणं मागे सरकवून खालचं मीठ धुवा. माउथपीस अनेकांच्या तोंडात जात असेल तर जंतुनाशक वेगळं वापरावंच लागतं. साध्या पाण्यानं मीठ जातं, जंतू जात नाहीत.

वाळवायचं सावलीत. उन्हानं रबर चिरतं. नळीला घड्या घालू नयेत, मोठं सैल वेटोळं करावं. कोकणात पावसाळ्याचे तीन-चार महिने समुद्र बंद असतो. तेव्हा आतला थेंब बुरशी धरतो, म्हणून हंगाम संपताना केलेलं धुणं सर्वांत जपून करायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरायचं नाही.

कितीही धुतलं तरी आतलं काम तंत्रज्ञाचं. बऱ्याच कंपन्या वर्षातून एकदा किंवा शंभरेक डाइव्हनंतर सर्व्हिसिंग सांगतात. काही दोन वर्षं म्हणतात, ज्याच्या त्याच्या पुस्तिकेत असतं. ओ-रिंगा आणि झडपांच्या बैठका बदलतात, पितळ सौम्य आम्लात घालून उजळतात. आपण चिंचेनं पितळ घासतो, तोच न्याय. तोंडाशी एक जाळी असते, ती हिरवी दिसली तर पाणी शिरलं होतं, तांबूस दिसली तर बहुधा टाकीतला गंज. कुणी, कधी, काय बदललं हे वहीत लिहिलेलं असेल, तर निदान त्या तिसऱ्या माणसाला विचारायला जागा राहते. भाड्यानं घेणाऱ्यानं ती वही मागावी असं आमचं मत आहे. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

आणि एक चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. रेग्युलेटर टाकीला जोडण्याआधी, टोपण घट्ट लावलेलं असताना, माउथपीस तोंडात धरून हळूच ओढून बघा. हवा मिळता कामा नये. मिळाली तर पडदा फाटलाय, झडप नीट बसत नाही किंवा माउथपीसला दातांनी चीर पडली आहे. ही झडप बिघडली तर शक्यतो उघडीच राहावी, हवा वाहत राहावी, अशी तिची रचना असते. हे चांगलं आहे, पण मग टाकी भराभर रिकामी होते.

पुढच्या रांगेतल्या एका वहिनींचा प्रश्न आला आहे: रबर मऊ राहावं म्हणून खोबरेल लावलं तर? नाही. तेल काही जातींच्या रबराला फुगवतं. ते श्वासाबरोबर छातीत जातं. आणि ऑक्सिजन जास्त असलेली मिश्रणं वापरली तर दाबाखाली तेल पेटू शकतं. तंत्रज्ञ वापरतो ते वंगण वेगळं असतं, आणि तेही आतल्या ठरावीक जागी, नखावर मावेल इतकंच.