म्हातारी मांजर रात्री का ओरडते?

मध्यरात्री घर निजलेले असताना पंधरा वर्षांची मांजर भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि मोठ्याने ओरडू लागते. नुकतेच जेवल्याचेही तिला स्मरत नाही. ‘वय झाले तिचे’ म्हणून घरचे कूस बदलतात. चूक होते ती इथेच.

मांजरींनाही स्मृतिभ्रंश होतो, हे खरे. अल्झायमरच्या रुग्णांत सापडणारे बीटा-अमायलॉइड हे प्रथिन वृद्ध मांजरींच्या मेंदूतही साचलेले आढळते. ११ ते १४ वर्षांच्या सुमारे २८ टक्के आणि पंधरा वर्षांपुढच्या जवळपास निम्म्या मांजरींत वागणुकीतला असा एखादा तरी बदल दिसतो, असे पशुवैद्यकीय अभ्यास सांगतात.

मात्र इतर आजार वगळल्यावरच हे निदान करता येते. थायरॉईडचा अतिस्राव, मूत्रपिंडाचा विकार, सांधेदुखी, उच्च रक्तदाब यांतही मांजर अशीच वागते आणि यांवर उपचार आहेत. रक्तदाब दुर्लक्षिला, तर एकाएकी दृष्टी जाऊ शकते. म्हणून आधी रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घ्यावा. दुखत असेल म्हणून घरातले पॅरासिटामॉल कदापि देऊ नये. एका गोळीनेही मांजर दगावू शकते.

स्मृतिभ्रंशच ठरला, तर घराची मांडणी बदलू नये. वाटी ठरल्या जागी, मातीचा ट्रे कमी काठाचा, रात्री एक मंद दिवा. रागावल्याने तिची भीती वाढते; जवळ बसून हलकेच बोलावे. जन्मभर मोकळी फिरलेल्या मांजरीला कोंडणे जिवावर येते, तरी रात्री दार लावून घ्यावे. परतीची वाट तिला आता आठवेलच असे नाही.